‘नेट स्लो आहे’ म्हणजे नक्की काय स्लो आहे? (वायफाय आणि नेटवर्कमधले नेहमीचे शब्द)

तारतम्य (धागाकर्ता)

ऑफिसं, शाळा, हॉस्टेलं अशा ठिकाणी वायरिंग करणं आणि वायफाय लावणं हा माझा पुण्यातला धंदा. रोज एकच नाटक बघतो. गिऱ्हाईक म्हणतं, “नेट स्लो आहे”, समोरचा म्हणतो, “राउटर बंद करून चालू करा”. दोघांचंही खोटं नसतं, पण नेमकं कुठे अडलंय हे दोघांनाही सांगता येत नाही. म्हणून हा धागा.

तुमच्या मोबाईलपासून दूरच्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेचे तीन तुकडे करा. पहिला, मोबाईल ते राउटर, हवेतून. दुसरा, राउटर ते सेवा देणारी कंपनी; हल्ली बहुतेक फायबरने. तिसरा, कंपनीच्या पलीकडचं सगळं. वायफाय म्हणजे फक्त पहिला तुकडा. “वायफाय गेलंय” म्हणून येणाऱ्या तक्रारींत पुष्कळदा वायफाय ठणठणीत असतं आणि दुसरा तुकडा मेलेला असतो. बाकीचा प्रत्येक शब्द यांपैकी कुठल्या तुकड्यातला आहे एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

आता भिंतीवरचा डबा. त्याला सगळे ‘मोडेम’ म्हणतात. फायबर येते तो भाग खरं तर ओएनटी (काहीजण ओएनयू म्हणतात). काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणं, हे त्याचं काम. घरातलं नेटवर्क आणि बाहेरचं जग यांच्यात ये-जा करवतो तो राउटर. मागच्या तारांच्या भोकांत जोडलेली यंत्रं एकमेकांना जोडतो तो स्विच. हवेत सिग्नल सोडतो तो ॲक्सेस पॉइंट. हे चारही हल्ली एकाच डब्यात कोंबलेले असतात, म्हणून घोळ होतो. ‘लॅन’ लिहिलेल्या भोकांत घरातली यंत्रं, ‘वॅन’ लिहिलेल्यात बाहेरून आलेली तार.

डब्यावरचे दिवे वाचायला शिका. ‘पॉन’ हिरवा आणि स्थिर असेल तर फायबर जोडलेली आहे. ‘लॉस’ लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. कुठेतरी तंतू तुटलाय, वाकलाय किंवा रस्ता खोदताना जेसीबीखाली गेलाय. थेट तक्रार करा, आणि तक्रारीत “लॉस लाल आहे” हेच शब्द वापरा.

विचारा काय विचारायचं ते.

---

पेठेतला_पाहुणा

वाखुसा (वाचनखूण साठवली)! आमचा प्रश्न खास पेठी आहे. शनिवारातला जुना वाडा, दीड-दोन फुटी भिंती. राउटर दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात शून्य. शिवाय दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ‘५जी’ आहे. ते ५जी सिमवालंच का? आणि कुठलं धरायचं?

---

तारतम्य

नाही, सिमच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. सिमवालं ५जी म्हणजे मोबाईल नेटवर्कची पाचवी पिढी. राउटरवरचं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, रेडिओलहरींची वारंवारता. हे नाव ठेवायची पद्धत ज्याने पाडली त्याला शोधून काढायला हवं.

राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंतींतून जास्त आरपार जातं, पण तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच पट्ट्यात. ५ मध्ये जागा ऐसपैस, वेग जास्त, पण भिंत आली की लवकर मरतं. राउटर असलेल्या खोलीत ५, दोन भिंतींपलीकडे २.४. काही राउटर दोन्हींना एकच नाव देऊन निवड स्वतः करतात, तेही चालतं.

चॅनेल म्हणजे त्या पट्ट्यातल्या मार्गिका. २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ दिसतात, पण ते ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आणि सिग्नल साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद, म्हणजे शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. एकमेकांना न भिडणारे तीनच, १, ६ आणि ११. सगळ्या वाड्याचे राउटर ६ वर बसले असतील तर स्वतःचा १ किंवा ११ वर न्या. ‘४ रिकामा दिसतोय’ म्हणून ४ घेतलात तर १ वाल्यांचाही त्रास आणि ६ वाल्यांचाही.

सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. राउटरशेजारी −३० च्या आसपास, −५० उत्तम, −६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट होतो, −८० ला रडारड. हे मोजमाप सरळ वजाबाकीचं नाही. ३ ने कमी म्हणजे ताकद निम्मी, १० ने कमी म्हणजे दहावा भाग. −५० वरून −७० ला गेलात तर शंभरावा भाग उरला. मोबाईलवर वायफाय मोजायचं कुठलंही फुकट ॲप घेऊन घरभर फिरा, मग राउटर कुठे हलवायचा ते आपोआप कळेल. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, मोठ्या आरशाशेजारी, माशांच्या टाकीआड, या जागा टाळा. धातू लहरी परतवतो आणि पाणी शोषतं.

वाड्याच्या भिंतींना मात्र चॅनेल बदलून पाझर फुटणार नाही. त्याबद्दल खाली सवडीने लिहितो.

---

अवकाशवेडा

अवांतर: नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे गेलात तर मोबाईल बंद करायला सांगतात ते याच डीबीएमच्या गणितामुळे. आकाशातून येणारा सिग्नल मोजायला त्यांचं एकक जान्स्की. १ जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० चा उणे २६ वा घात इतके वॅट. त्यापुढे खिशातला फोन म्हणजे गणपतीतला डॉल्बी.

---

सायलेंट_वाचक

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं. १०० चा प्लॅन आहे, पण फाइल उतरवताना १२ च्या वर आकडा जात नाही. कंपनी फसवतेय का?

---

हिंजवडी_ग्रस्त

नाही फसवत, तुम्हाला पूर्ण मिळतंय. प्लॅन मेगाबिटमध्ये, फाइल मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट. १०० भागिले ८ म्हणजे १२.५.

खरी गंमत पुढे. माझा प्लॅन २०० चा आणि स्पीड टेस्ट ९५ च्या आसपास अडकायची. टेक्निशियनने राउटर बदलला, तरी तेच. शेवटी राउटर आणि लॅपटॉपमधली तार बदलली आणि प्रश्न मिटला. तारतम्य, याचं कारण सांगाल का? मी तेव्हा फक्त हुश्श केलं होतं.

---

तारतम्य

९४-९५ हा आकडा दिसला की माझे कान टवकारतात. लॅनच्या तारेत आठ वायरी, चार जोड्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक वायर तुटली, किंवा टोकाचा कनेक्टर नीट दाबून बसवला (क्रिम्प केला) नाही, की दोन्ही टोकं आपापसात ठरवून मुकाट १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. दुसरं कारण म्हणजे स्वस्त राउटरची भोकंच १०० ची असणं. डब्यावर वायफायचे ‘३००’, ‘१२००’ असे आकडे मोठ्या अक्षरात छापलेले असतात आणि भोकांचा वेग बारीक अक्षरात ‘१०/१००’. खरेदीआधी ती बारीक अक्षरं वाचा. ‘१०/१००/१०००’ हवं.

तार घेताना कॅट-५ई किंवा कॅट-६ घ्या. दोन्ही १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेतात, घरासाठी ५ई पुरेशी आहे. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन घेणार असाल तर ‘प्युअर कॉपर’ स्पष्ट विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार निम्म्या किमतीत दाखवतात. ती वाकवली की लवकर तुटते, आणि तारेतूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांना तर ती नकोच.

---

हिंजवडी_ग्रस्त

धन्यवाद. माझ्याकडून एक भर. आयटीवाल्यांचं दुखणं बहुतेक वेळा वेगाचं नसतं, लेटन्सीचं असतं. बँडविड्थ म्हणजे सेकंदाला किती माल जातो, लेटन्सी म्हणजे एक पाकीट (डेटाचा छोटा तुकडा) जाऊन उत्तर यायला किती वेळ. पिंग करून जो मिलिसेकंदांचा आकडा येतो तो हा. प्रकाश काचेतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुण्याहून न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर म्हटलं, तर जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद हे निसर्गाचंच बिल. समुद्रातल्या केबली सरळ रेषेत नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या पुढे जातं. प्लॅन १ गिगाबिटचा केलात तरी ते घटत नाही. आमच्या मॅनेजरला हे समजावणं मी सोडून दिलंय.

आणि जिटर. पिंग कधी २०, कधी १८०, असा नाचला की कॉलवर आवाज तुटतो. सरासरी चांगली असली तरी.

---

खोचक_पुणेकर

सगळं खरं हो. पण पैसे आम्ही भरायचे आणि अभ्यासही आम्हीच करायचा? दर महिन्याला बिल वेळेवर येतं, तेव्हा कधी लेटन्सी नसते.

---

तारतम्य

मुद्दा मान्य. कंपनीने करायचं काम कंपनीनेच करावं. पण कॉल सेंटरवर बसलेल्या पोरासमोर ठरलेल्या प्रश्नांची यादी असते. “स्लो आहे” म्हटलं की तो यादीच्या पहिल्या ओळीपासून सुरू होतो. “तारेने लॅपटॉप जोडून मोजलं, रात्री ९ ला १०० पैकी १५ मिळतात, सकाळी पूर्ण मिळतात” असं म्हटलंत, की पहिला तुकडा तुम्हीच बाद केलात. रात्रीच रडत असेल तर गर्दीचा संशय. घरगुती फायबरमध्ये (जीपॉन) एका मुख्य तंतूचा प्रकाश स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असू शकतो, आणि खाली येणारा साधारण अडीच गिगाबिट त्या सगळ्यांत मिळून असतो. तो सहसा पुरतो. त्याच्याही पुढे कंपनीने क्षमता कमी घेतली असेल तर मात्र बोंब. टेक्निशियन घरी आला तर “पॉवर किती येतोय?” एवढं विचारा. त्याच्या मीटरवर −२७ डीबीएमच्या खाली आकडा असेल तर जोड किंवा पॅच कॉर्ड (डब्याला लावलेली छोटी फायबर तार) खराब. हा प्रश्न विचारला की त्याचा तुमच्याशी बोलायचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

जाता जाता: २०२३ पासून सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ मेगाबिट वेग लागतो. त्याआधी ५१२ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणता येत होतं!

---

निवृत्त_नाना

धागा आवडला. माझी शंका बाळबोध वाटेल. राउटरची सेटिंग उघडायला १९२.१६८.१.१ टाका म्हणतात. माझ्या नाशिकच्या भावाच्या घरीही हाच आकडा. दोघांचा पत्ता एकच कसा?

---

तारतम्य

नाना, बाळबोध मुळीच नाही, धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे.

जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता (आयपीव्ही४) ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. जगाला ते पुरणार नव्हते. म्हणून काही गट ‘खाजगी’ ठरवले गेले. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ चे. १९९६ च्या मानकात हे नक्की झालं. हे पत्ते कोणीही घरात वापरावेत, बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. म्हणून तुमच्याकडेही तोच आणि नाशिकलाही तोच.

बाहेर जाताना राउटर तुमचा खाजगी पत्ता काढून स्वतःचा सार्वजनिक पत्ता लावतो आणि उत्तर आलं की कोणाचं होतं ते लक्षात ठेवून आत पोचवतो. हे नॅट. सोसायटीचा पत्ता एक, आतल्या फ्लॅटचे नंबर आतल्याआत, तसं. ‘गेटवे’ म्हणजे बाहेर जायचं दार, घरात तो राउटरच. आतले नंबर वाटतो तो डीएचसीपी. तो नंबर ठराविक मुदतीसाठी देतो, म्हणून प्रिंटरचा पत्ता कधीतरी बदलतो आणि छपाई बंद पडते. राउटरमध्ये प्रिंटरला पत्ता राखून ठेवा, कटकट संपली.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून आयपी शोधून देणारी यंत्रणा, १९८३ पासूनची. ती अडली की गंमत होते. काही ॲप चालतात, पण ब्राउझरमध्ये कुठलीच साइट उघडत नाही. लोक म्हणतात नेट अर्धं चालू आहे! अशा वेळी डीएनएस ८.८.८.८ (गूगलचा) किंवा १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा) करून बघा. (याने वेग दुप्पट होतो असे व्हिडिओ फिरतात. होत नाही. नाव शोधायचा वेळ थोडा कमी होतो, बस.)

---

निवृत्त_नाना

फार छान. मग एक उपप्रश्न. गावच्या घरी कॅमेरे लावलेत. पूर्वी पुण्यातून दिसायचे, कंपनी बदलल्यापासून दिसत नाहीत. टेक्निशियन म्हणतो “पब्लिक आयपी नाही”. हे काय प्रकरण?

---

तारतम्य

सीजीनॅट. सार्वजनिक पत्त्यांचा मुख्य साठा २०११ मध्ये संपला. आता पुष्कळ कंपन्या अनेक गिऱ्हाइकांमागे एकच सार्वजनिक पत्ता ठेवतात, म्हणजे तुमच्या नॅटच्या वर त्यांचं आणखी एक नॅट. आतून बाहेर जाणं बिनबोभाट चालतं, बाहेरून आत येणारा मात्र कोणाकडे आलाय ते त्यांच्या नॅटला कळत नाही. ओळखायची खूण: राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग पोर्ट फॉरवर्डिंगची (बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून ठराविक यंत्राकडे वळवायची) कितीही खटपट करा, व्यर्थ. उपाय तीन. महिना पैसे देऊन स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता), कॅमेऱ्याच्या कंपनीचं मधल्या सर्व्हरमार्फत चालणारं ॲप, किंवा १२८ बिटांचे पत्ते असलेलं आयपीव्ही६, ज्यात पत्त्यांचा तुटवडाच नाही. तिसरा उपाय खरा, पण कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरलाही तो यावा लागतो, आणि जुन्यांना येत नाही.

---

कोथरूडची_काकू

आमच्या मजल्यावरची पोरं आमचं वायफाय वापरतात असा मला दाट संशय आहे. भाचा म्हणाला, नाव लपवून टाक, आणि मॅक फिल्टर लाव. करू का?

---

तारतम्य

काकू, दोन्ही नको. नाव (एसएसआयडी) लपवलं तरी तुमचाच फोन ते नाव पुकारत फिरतो, शोधणाऱ्याला मिनिटात सापडतं. मॅक पत्ता म्हणजे यंत्राच्या नेटवर्क चिपचा ४८ बिटांचा क्रमांक, पहिला अर्धा भाग बनवणाऱ्या कंपनीचा. पण तो नकली लावता येतो, आणि नवे फोन तर खाजगीपणासाठी प्रत्येक वायफायला मुद्दाम वेगळा मॅक दाखवतात. फिल्टर (यादीतल्याच मॅकना आत घेणं) लावलात तर पोरांपेक्षा तुम्हीच आधी बाहेर राहाल.

करायचं ते एवढंच. सुरक्षा प्रकारात डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार २००१ मध्येच फुटला, तो दिसला तर राउटरच बदला. पासवर्ड लांब ठेवा, मोबाईल नंबर नको, तो सगळ्या सोसायटीला पाठ असतो. डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो. २०११ मध्ये हे उघड झालं, तरी ती सोय अजून राउटरवर असते. आणि राउटरच्या सेटिंगचा ‘ॲडमिन-ॲडमिन’ पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा. त्यावरून नेट मिळतं, पण तुमचे कॅमेरे, प्रिंटर दिसत नाहीत. पोरांनाही तेच द्या हवं तर.

---

कोथरूडची_काकू

पासवर्ड मोबाईल नंबरच होता. बदलला. आता खालच्या मजल्यावरून “काकू, नेट गेलंय का?” असा मेसेज आलाय.

---

खोचक_पुणेकर

=)) धागा सार्थकी लागला.

---

पेठेतला_पाहुणा

काकूंचं झालं, आता आमचा वाडा बघा. रिपीटर घेऊ की मेश? दुकानदार तर वायफाय ७ घ्या म्हणतोय.

---

तारतम्य

वायफायची पिढी आधी उरकतो. ४ म्हणजे २००९ चं ८०२.११एन, ५ म्हणजे २०१३ चं एसी, ६ म्हणजे एएक्स, ७ म्हणजे बीई. आधी नुसती अक्षरं होती, २०१८ मध्ये हे सोपे आकडे आले. तुमचा फोन ६ चा असेल तर ७ चा राउटर घेऊन तो ७ चा होत नाही. घरासाठी ६ भरपूर. भिंत कुठलीच पिढी पाडत नाही.

रिपीटर म्हणजे सिग्नल ऐकून पुन्हा ओरडणारा डबा. साधा रिपीटर ऐकायला आणि बोलायला एकच चॅनेल वापरतो, म्हणून वेग निम्मा किंवा त्याहून कमी. आणि लोक तो सिग्नल नाही तिथे लावतात! अर्ध्या वाटेवर, जिथे −६० च्या आसपास मिळतंय, तिथे लावायचा. मेश म्हणजे एकाच नावाचे, आपसात ठरवून काम करणारे दोन-तीन डबे. फिरताना फोन एकावरून दुसऱ्यावर जातो. चांगलं, पण डबे एकमेकांशी हवेतून बोलत असतील तर तुमची दोन फुटी भिंत त्यांनाही आडवी येतेच.

त्यामुळे वाड्याला माझं उत्तर कंटाळवाणं आहे: तार ओढा. दिवाणखान्यातल्या राउटरपासून स्वयंपाकघरापर्यंत एक कॅट-५ई, चौकटीच्या कडेने पट्टीतून, आणि टोकाला ॲक्सेस पॉइंट. घरात जुना राउटर पडला असेल तर तोच ॲक्सेस पॉइंट म्हणून चालेल. त्यातलं डीएचसीपी बंद करायचं, पत्ता १९२.१६८.१.२ असा वेगळा द्यायचा (तो नंबर मुख्य राउटर दुसऱ्या कोणाला वाटत नाही ना, एवढं बघा), आणि तार त्याच्या वॅनमध्ये न लावता लॅनमध्ये लावायची. हे शेवटचं विसरलं की नॅटच्या आत नॅट होतं आणि प्रिंटर सापडत नाही. दोन्हींचं नाव-पासवर्ड एकच ठेवा, चॅनेल वेगळे. एकावर १, दुसऱ्यावर ११.

टीव्ही आणि डेस्कटॉप जागचे हलत नाहीत, त्यांनाही तारच द्या. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलतं, बाकीचे थांबतात. टीव्ही हवेतून उतरला की उरलेल्यांना जागा होते.

---

पेठेतला_पाहुणा

घरमालकांची परवानगी काढतो. ते फायबरपेक्षा अवघड आहे.

---

निवृत्त_नाना

शेवटचं. गुरुवारी लाईट जाते तेव्हा राउटरला छोटा यूपीएस लावावा म्हणतो. चालेल ना?

---

तारतम्य

चालेल. ॲडॅप्टरवर व्होल्ट बघा, बहुतेक १२ असतात, काही ९ किंवा ५ चे. तेवढेच व्होल्ट देणारा आणि ॲम्पिअरला कमी न पडणारा यूपीएस घ्या. ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज लागेल, हे बरेचजण विसरतात. कंपनीपासून घरापर्यंतच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, तो नुसता प्रकाश वाटतो.

---

सायलेंट_वाचक

आमच्याकडे यूपीएस आहे, तरी लाईट गेली की नेट जातंच. वायफायची खूण पूर्ण दिसते.

---

तारतम्य

मग तुमच्या घरात फायबर नसून लॅनची तार येत असणार. फायबर बिल्डिंगपर्यंत, पुढे एका स्विचमधून तारा. तो स्विच बहुधा लिफ्टच्या खोलीत किंवा गच्चीच्या जिन्यात टांगलेला असतो आणि लाईटबरोबर झोपतो. त्याला बॅकअप द्यायला ऑपरेटरला सांगा, किंवा लिफ्टच्या जनरेटरवरून त्याला एक पॉइंट काढून द्यायला चेअरमनना गाठा.